प्रतीक्षेलाही मुदत हवी

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत वसलेले गांधीनगर आज घाऊक कापडाची बाजारपेठ म्हणून सर्वपरिचित आहे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून येणारा ग्राहक लग्नसराईचा बस्ता बांधण्यासाठी या पेठेत पाऊल टाकतो. परंतु ही पेठ ज्या भूमीवर उभी आहे त्या वळिवड्याच्या माळाचा इतिहास फार थोड्यांना ज्ञात असेल. १९४३ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, कोल्हापूर संस्थानातील याच माळावर पोलंडमधील सुमारे ५,००० निर्वासितांसाठी छावणी उभारण्यात आली. सोव्हिएत सत्तेने सैबेरियात हद्दपार केलेले, इराणमार्गे हालअपेष्टा सोसत भारतात पोहोचलेले हे लोक होते. त्यांत बहुसंख्येने स्त्रिया आणि मुले होती. १९४८ पर्यंत ही छावणी नांदली. तिच्यात शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनास्थळही होते. या आतिथ्याची आठवण पोलंडने पुसली नाही. वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र अर्पण केले.

पोलिश निर्वासित गेले आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून उखडले गेलेले हिंदू आले. घरदार, शेतीवाडी, पेढ्या आणि पूर्वजांच्या समाध्या मागे टाकून आलेल्या या समाजाने सरकारपुढे हात पसरला नाही. डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगावी फिरणाऱ्या या माणसांनी एका पिढीत बाजारपेठ उभी केली. कोल्हापूरकरांनीही त्यांना परके मानले नाही, आणि तसे मानण्याचे कारणही नव्हते. सिंध आणि महाराष्ट्र यांचे नाते फाळणीहून जुने आहे. कराचीतील नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा त्या नात्याची साक्ष आजही देते. एकोणिसाव्या शतकात सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या या मराठी माणसाचे नाव तेथील शिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते.

त्या काळी आलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न राज्यघटनेने कसा सोडविला, हे आज आवर्जून सांगण्यासारखे आहे. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे स्थायिक झालेला मनुष्य भारताचा नागरिक मानला गेला. त्यानंतर आलेल्यांनी सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करावयाची होती. अट एवढीच की तो स्वतः, त्याचे आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असावे. घटनेतील ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच, म्हणजे उर्वरित घटनेच्या दोन महिने आधी, अमलात आली. नवजात प्रजासत्ताकाची तिजोरी रिकामी होती, प्रशासन विस्कळित होते, लक्षावधी माणसे छावण्यांत होती. तरीही आपली माणसे कोण आणि त्यांना आपले म्हणण्यास किती दिवस लागावेत, याचे उत्तर घटनाकारांनी मोजक्या ओळींत आणि ठरावीक तारखांसह दिले.

त्यानंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला मात्र असे सुटसुटीत उत्तर आले नाही. फाळणीची जखम १९४९ मध्ये भरून आली, असे दिल्लीतील धुरीणांनी गृहीत धरले. १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने दोन्ही देशांतील अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे आश्वासन दिले. भारताने ते निभावले; पाकिस्तानात मात्र ते कागदावरच राहिले. सिंधमधील हिंदू कुटुंबे येतच राहिली. उल्हासनगर, नागपूरचे जरीपटका, जळगाव अशा सिंधी वसाहतींमध्ये आप्तांच्या आधाराने त्यांनी संसार मांडले. कोणी तीर्थयात्रेच्या व्हिसावर आले, कोणी नातलगांना भेटण्याच्या निमित्ताने. परतण्यासाठी मागे काही उरलेले नव्हते. यांच्यासाठी कायद्याचा जो मार्ग होता, तो १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचा.

हा मार्ग कसा आहे, हे समजून घेतल्याशिवाय प्रतीक्षा या शब्दाचा खरा अर्थ कळणार नाही. या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली भारतीय वंशाच्या व्यक्तीस सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळू शकते. परंतु भारतीय वंशाचा कोण? ज्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतात झाला तो. घटनेने आजी-आजोबांनाही जमेस धरले होते; आजच्या कलमात ते नाहीत. आज तिशी-चाळिशीत असलेल्या सिंधी तरुणाचे आईवडील फाळणीनंतर जन्मलेले असतात, म्हणून तो या दाराशीच अडखळतो. त्याच्यासाठी उरते ते सहावे कलम, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे देशीयीकरण. त्याची मूळ अट अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे भारतात राहण्याची. म्हणजे सुमारे एक तप उलटल्यावर अर्ज करण्याची पात्रता, आणि अर्ज केल्यानंतर खऱ्या प्रतीक्षेस आरंभ!

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होतो. तेथून पोलिसांकडे चौकशी, गुप्तचर यंत्रणांकडे पडताळणी, मग राज्याचा गृहविभाग आणि शेवटी केंद्रीय गृहमंत्रालय असा प्रवास. २००९ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवसांत व राज्य सरकारला ३० दिवसांत प्रकरण पुढे पाठविण्यास सांगितले. मुदत कागदावर उत्तम आहे. पण ती पाळली गेली नाही तर काय, याचे उत्तर त्या कागदावर नाही. मध्येच एखाद्या टेबलावर त्रुटी निघते, ती पूर्ण केली की दुसऱ्या टेबलावर दुसरी निघते. एवढ्यात जुना पासपोर्ट कालबाह्य होतो. तो नव्याने मिळवायचा तर ज्या देशातून जीव घेऊन बाहेर पडलो, त्याच देशाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयाचे दार ठोठवायचे आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजायचे. शिवाय या कायद्याचे चौदावे कलम असे की, अर्ज मंजूर वा नामंजूर करताना कारण देण्याचे बंधन सरकारवर नाही. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण आपण थट्टेने वापरतो; या कुटुंबांना सहा महिन्यांत काम झाले तर सण साजरा करावा लागेल.

अलीकडे अर्ज संकेतस्थळावर भरता येतो आणि क्रमांक टाकून त्याची स्थिती पाहता येते, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ही स्थिती म्हणजे काय? प्रकरण प्रक्रियेत आहे, एवढे एक वाक्य. घरातील शिकलेला मुलगा रोज रात्री क्रमांक टाकतो, वाक्य तेच असते. प्रकरण कोल्हापुरात आहे, मुंबईत आहे की दिल्लीत, कोणाच्या अहवालावाचून थांबले आहे, कोणता कागद कमी आहे, हे त्या वाक्यातून उमगत नाही. मग हेलपाटे सुरू होतात, आणि हेलपाट्यांच्या वाटेवर दलाल उभेच असतात.

या काळात कुटुंबाचे आयुष्य थांबून राहत नाही, तरी ते पुढेही जात नाही. बाप दुकानात बसतो, पण त्याला मत देता येत नाही. मुलगी पदवी घेते, पण भारतीय पासपोर्ट नसल्याने परदेशी शिकायला जाऊ शकत नाही आणि सरकारी सेवेची दारेही तिला बंद असतात. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नूतनीकरण करायचे, पत्ता बदलला की पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणी कक्षात कळवायचे, दूरच्या गावी लग्न असले की परवानगीचा विचार आधी करायचा. सर्वांत विदारक स्थिती मुलांची. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक होण्यासाठी आईवडिलांपैकी निदान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे कोल्हापुरातील रुग्णालयात जन्मलेले, मराठी शाळेत शिकणारे, पन्हाळ्याच्या सहलीला जाणारे मूलही आईवडील प्रतीक्षेत आहेत तोवर परकीयच. ज्या देशाचे तोंडही त्याने पाहिले नाही, त्या देशाचा शिक्का त्याच्या कपाळी.

ही भावनेच्या भरात केलेली अतिशयोक्ती नाही. गृहराज्यमंत्री नित्यानंद राय यांनी डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १४ डिसेंबर २०२१ रोजी नागरिकत्वाचे एकूण १०,६३५ अर्ज प्रलंबित होते आणि त्यांपैकी ७,३०६ अर्ज पाकिस्तानातून आलेल्यांचे होते. प्रत्येक अर्जामागे एक माणूस आणि बहुतेक माणसांमागे एक कुटुंब आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

दशकानुदशके भिजत पडलेल्या या घोंगड्याकडे पाहण्याची इच्छाशक्ती गेल्या दशकात दिसली, हे मान्य केलेच पाहिजे. ७ सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईपासून संरक्षण मिळाले. २०१६ मध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्यांना बँक खाते, राहते घर, वाहन परवाना, पॅन व आधार यांची वाट मोकळी झाली. नोंदणीचे शुल्क ३,००० ते १५,००० रुपयांवरून १०० रुपयांवर आले. डिसेंबर २०१६ मध्ये सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार प्रदान करण्यात आले. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर हे जिल्हे त्यात होते. कोल्हापूर नव्हते. २०२१ मध्ये आणखी १३ जिल्ह्यांची भर पडली, तीत महाराष्ट्रातील एकही जिल्हा नव्हता. एकाच प्रांतातून, एकाच कारणासाठी आलेल्या दोन भावांपैकी पुण्यात राहणाऱ्याचे प्रकरण जिल्ह्यातच निकाली निघावे आणि कोल्हापुरात राहणाऱ्याच्या फाइलीने मुंबई-दिल्लीची वारी करावी, यात कोणते तर्कशास्त्र आहे? वळिवड्याचा इतिहास लाभलेल्या जिल्ह्याची ही उपेक्षा खटकणारी आहे.

पुढे १२ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व सुधारणा कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना या कायद्याने दार उघडले आणि ११ वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. त्यावरून देशभर किती काहूर उठविण्यात आले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. ज्यांना तो अमान्य आहे त्यांनी न्यायालयात जाणे हा त्यांचा हक्कच होय. पण या कायद्याने कोणाही भारतीयाचे नागरिकत्व काढून घेतले नाही, हे सत्य गदारोळात हरवले आणि ज्यांच्यासाठी कायदा झाला ती माणसे चर्चेतून बाहेर फेकली गेली.

मात्र आपल्याच विचारांच्या सरकारला परखड सांगणे हेही हितचिंतकाचे कर्तव्य असते. कायदा झाला २०१९ मध्ये आणि त्याचे नियम अधिसूचित झाले ११ मार्च २०२४ रोजी. चार वर्षे आणि तीन महिने! साथरोगाचा काळ मधे आला, हे खरे. तरीही नियमांसाठी वारंवार मुदतवाढ मागताना, ज्यांना कायद्याने आशा दाखविली त्यांच्या वयात तेवढीच वर्षे वाढत होती, याचे भान राहिले होते काय? १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या १४ जणांच्या हाती प्रमाणपत्रे पडली, त्या दिवसाचा आनंद मोठा होता. पण संसदेत संमत झालेला कायदा आणि माणसाच्या हाती पडलेला कागद यांत एवढे अंतर पडू देणे समर्थनीय नाही. विधेयक मंजूर होण्याच्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांनी नियमांच्या दिरंगाईबद्दल आवाज किती उठविला, हाही आत्मपरीक्षणाचा विषय आहे.

ज्यांना ही टीका अवाजवी वाटेल त्यांनी एप्रिल २०२५ आठवावा. पहलगामच्या निर्घृण हत्याकांडानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. तो निर्णय योग्यच होता. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, हा खुलासाही तत्परतेने करण्यात आला. परंतु ज्यांच्या छळामुळे देश सोडला त्यांच्याच देशाचे नागरिक म्हणून आपल्याला मोजले जाईल काय, या भीतीत अनेक कुटुंबांना त्या दिवसांत झोप लागली नसेल. सरकारने वेळीच खुलासा केला म्हणून प्रसंग टळला. पण ज्याची सुरक्षितता एका खुलाशावर अवलंबून असते, तो निर्वासितच असतो. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली, तीही दिलासा देणारी आहे. परंतु सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. २०१४ नंतर आलेल्यांसाठी २०१९ च्या कायद्याचे खास दार उघडलेले नाही, त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या जुन्याच वाटेने जावे लागते.

चौकशी नको, असे कोणी म्हणणार नाही. नागरिकत्व ही खिरापत नव्हे. शत्रुराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकाची कसून पडताळणी व्हायलाच हवी. त्यात ढिलाई झाली तर पहिला फटका प्रामाणिक निर्वासितालाच बसेल. परंतु चौकशी आणि चालढकल यांत भेद आहे. चौकशीला प्रश्न असतात आणि ती उत्तरावर येऊन संपते. चालढकलीला ना प्रश्न असतात ना शेवट. एखादा अपात्र असेल तर त्याला तसे सांगावे, पात्र असेल तर शपथ द्यावी. नकार देणे हा राज्याचा अधिकार आहे, उत्तरच न देणे हा नाही. हे सूत्र कोणत्याही कलमाखाली आणि कोणत्याही देशातून आलेल्या प्रत्येक कायदेशीर अर्जदाराला लागू व्हावे.

म्हणून सरकारकडे काही नेमक्या अपेक्षा आहेत. पहिली, कोल्हापूरसह महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत सिंधी वसाहती आहेत, तेथील जिल्हाधिकाऱ्यांना मुंबई-पुण्याप्रमाणे अधिकार द्यावेत. दुसरी, संकेतस्थळावर प्रकरण कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेपासून आहे, हे दिसावे. तिसरी, त्रुटी एकदाच आणि एकत्रित कळवाव्यात. चौथी, प्रत्येक टप्प्याची मुदत उलटल्यास प्रकरण आपोआप वरिष्ठांसमोर जावे. पाचवी, येथे जन्मलेल्या मुलांचे अर्ज आईवडिलांच्या अर्जांसोबतच निकाली काढावेत. यांपैकी बहुतेक अपेक्षांसाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती इच्छा आणि शिस्त.

समाजाचे कर्तव्य याहून वेगळे आणि अधिक निकडीचे आहे. २०२४ च्या नियमांनी कागदपत्रांच्या बाबतीत बराच उदारपणा दाखविला आहे, पण तो गरजूंपर्यंत पोहोचलेला नाही. मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्टही या मार्गात पुरावा म्हणून चालतो. तेथील शाळेचा दाखला, जन्माचा दाखला वा जमिनीचा उतारा चालतो. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी भारतात आल्याचे दाखविण्यासाठी व्हिसा, शिधापत्रिका, वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार, विमापत्र, टपाल खाते, मुलांचे शाळेचे दाखले यांपैकी काहीही उपयोगी पडते. अर्ज संकेतस्थळावर भरायचा असतो आणि मूळ कागद तपासून शपथ देण्याचे काम टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती करते. तेथे अर्जदाराने स्वतः हजर राहावे लागते. वारंवार संधी देऊनही तो गैरहजर राहिला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्जदार त्या समाजाचा असल्याचे प्रमाणपत्र स्थानिक प्रतिष्ठित संस्थेने द्यावयाचे असते.

यांतील प्रत्येक पायरीवर कार्यकर्त्याला काम आहे. निवृत्त शिक्षकाने अर्ज भरून द्यावा, वकिलाने प्रतिज्ञापत्र तपासावे, संगणक जाणणाऱ्या तरुणाने क्रमांकाचा पाठपुरावा करावा, महिला कार्यकर्तीने एकट्या पडलेल्या विधवेला सोबत करावी. गल्लीतील अशी चार कुटुंबे शोधून त्यांची कागदपत्रे एका पिशवीत नीट लावून दिली, तरी दलालाच्या हाती जाणारे हजारो रुपये वाचतील. मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. खोटा कागद, चुकीची तारीख, मैत्रीखातर दिलेले असत्य प्रमाणपत्र यांना थारा नसावा. खोट्या माहितीसाठी कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे आणि फसवणुकीने मिळविलेले नागरिकत्व काढूनही घेता येते. एका खोट्या अर्जाचा संशय शंभर खऱ्या अर्जांना चिकटतो.

सभा-संमेलनांतून फाळणीच्या वेदनेचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्या स्मरणाची खरी परीक्षा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आणि टपाल कार्यालयाच्या रांगेत होते. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला भाषण नको आहे, सहानुभूतीही फारशी नको आहे. त्याला हवी आहे एक तारीख, जिच्या पुढे त्याने वाट पाहायची नाही. ती तारीख सरकारने द्यावी आणि ती येईपर्यंत समाजाने त्याच्या शेजारी उभे राहावे.